घाईचा वेग आणि दमाचा वेग

पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, 'अर्का' नावाचा महासंगणक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे दर सेकंदाला सुमारे पावणेबारा हजार लाख कोटी आकडेमोडी. मान्सूनचे आणि चक्रीवादळांचे अंदाज अशा यंत्रावर निघतात. या अर्कामध्ये बसवलेला प्रोसेसर आहे एएमडी कंपनीचा एपिक ७६४३, आणि त्याचा मूळ क्लॉक, म्हणजे ठोक्यांचा वेग, आहे २.३ गिगाहर्ट्झ. त्याच संस्थेतला आधीचा 'प्रत्युष' तर इंटेलच्या २.१ गिगाहर्ट्झच्या झिऑन प्रोसेसरवर उभा होता. आज कॉलेजात जाणारी मुले जे मध्यम किमतीचे लॅपटॉप घेतात, त्यांच्या जाहिरातीत साडेचार गिगाहर्ट्झच्या पुढचे आकडे असतात.

हे आकडे शेजारी ठेवले की माणूस चक्रावतो. देशाच्या पावसाचा हिशेब करणारा प्रोसेसर मुलाच्या दप्तरातल्या प्रोसेसरपेक्षा हळू कसा?

मी पुण्यातल्याच एका संशोधन संस्थेचे संगणक सांभाळतो, आणि हा प्रश्न मला विद्यार्थ्यांच्या दर नव्या तुकडीबरोबर भेटतो. विद्यार्थ्याला सर्व्हरवर खाते मिळते, तो लॅपटॉपवर लिहिलेला प्रोग्राम तसाच तिकडे चढवतो, चालवतो, आणि एक-दोन दिवसांत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. मध्यंतरी आलेली मुलगी पावसाच्या नोंदींवर काम करत होती. भारतीय हवामान विभागाने १९०१ पासूनचा रोजचा पाऊस देशभराच्या एका जाळीवर मांडून ठेवला आहे. पाव-पाव अंशाच्या अंतरावर, १३५ गुणिले १२९ बिंदूंची ती जाळी. प्रत्येक बिंदूवर सव्वाशे वर्षांत पाऊस कसा बदलत गेला, हे तिला काढायचे होते.

"सर, लॅपटॉपवर हे तीन तासांत होतं. इथे चार तास होऊन गेले तरी चालूच आहे. सर्व्हरला काही झालंय का?"

सर्व्हर ठणठणीत होता. कोणता कोअर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडेमोड करणारा भाग, किती कामात आहे ते दाखवणारा एचटॉप हा प्रोग्राम मी उघडला आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली. ९६ कोअर, प्रत्येकाचे दोन थ्रेड, म्हणून १९२ आडव्या पट्ट्या. त्यातली एक पट्टी काठोकाठ भरलेली, बाकीच्या १९१ जवळजवळ रिकाम्या. मधूनच एखादी किंचित हलायची, तेवढेच. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे माझं सगळं काम एकच कोअर करतोय?"

नेमके तेच. आणि तो एक कोअर तिच्या लॅपटॉपमधल्या कोअरपेक्षा खरोखरच हळू होता. हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. सर्व्हर महाग आहे म्हणून तो प्रत्येक बाबतीत वेगवान असणार, ही समजूत धरून बसले की पुढचे काहीच कळत नाही.

तिच्या लॅपटॉपमध्ये रायझन ७ ७८४०यू होता आणि आमच्या सर्व्हरमध्ये एपिक ९६५४. तुलनेसाठी यापेक्षा चांगली जोडी मिळणे कठीण, कारण दोन्हींत कोअरची रचना एकच आहे, झेन ४. एरवी लॅपटॉप आणि सर्व्हर यांची तुलना करताना कंपनी वेगळी, पिढी वेगळी, सूचना हाताळण्याची पद्धत वेगळी, आणि मग कोणत्या फरकामुळे काय घडले ते सांगता येत नाही. इथे कोअर तोच. फरक उरतो तो त्याच्याभोवती काय बांधले आहे आणि त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, एवढाच.

लॅपटॉपमध्ये असे ८ कोअर आहेत. ते १७८ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर बसतात आणि त्याच तुकड्यावर ग्राफिक्स, व्हिडिओ उलगडणारा भाग, स्क्रीन आणि यूएसबी सांभाळणारे भागही असतात. उष्णतेचे ठरलेले माप २८ वॅट. सर्व्हरमध्ये आठ-आठ कोअरचे १२ वेगळे तुकडे आहेत आणि मेमरी व बाहेरची वाहतूक सांभाळणारा एक मोठा तुकडा मधोमध आहे. त्याचे माप ३६० वॅट. ग्राफिक्स वगैरे काही नाही. सर्व्हरला मॉनिटर जोडला तर जे चित्र दिसते, तेही मदरबोर्डवरच्या एका वेगळ्या छोट्या व्यवस्थापन चिपमधून येते. प्रोसेसरला त्याची फिकीर नसते.

आता भागाकार करून पाहा. ३६० वॅट ९६ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.७५ वॅट येतात. २८ वॅट आठांत वाटले तर साडेतीन. हिशेब ढोबळ आहे, कारण दोन्हीकडे काही वीज कोअरबाहेर खर्च होते. पण मी पहिल्यांदा हा भागाकार केला तेव्हा चकितच झालो होतो. एवढा अवाढव्य सर्व्हर आणि मांडीवरचा लॅपटॉप, आणि कोअरमागे शिधा जवळजवळ सारखाच. फरक आहे तो हा शिधा खर्च कसा होतो यात. लॅपटॉपमध्ये सात कोअर झोपले असतील तर त्यांचा वाटा आठवा घेऊ शकतो आणि ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत पळू शकतो. सर्व्हरचा कोअर एकटा जागा असला तरी ३.७ च्या पुढे जात नाही, आणि सगळे कामाला लागल्यावर २.४ हा त्याचा हमीचा वेग. सगळे कोअर दिवसरात्र राबत असतील असे धरूनच तो प्रोसेसर बांधलेला असतो.

यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे, पण ते नीट मनात ठसवून घ्यावे असे आहे. चिपमध्ये जळणारी वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्लॉक वाढवायचा तर ट्रान्झिस्टर लवकर उघडले-मिटले पाहिजेत, आणि त्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते. दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात असे धरले, तर क्लॉक दीडपट करण्यासाठी वीज तिपटीहून जास्त लागते. म्हणजे वेगाचा शेवटचा टप्पा सगळ्यात महाग असतो. लॅपटॉप तो टप्पा विकत घेतो, कारण समोर एक माणूस बसलेला आहे आणि त्याला फाइल आत्ता उघडायला हवी आहे. सर्व्हर तो टप्पा सोडून देतो आणि वाचलेल्या विजेत आणखी कोअर बसवतो.

हे शहाणपण उद्योगाला सहज आलेले नाही. १९७४ मध्ये आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर लहान करत गेले आणि त्याच प्रमाणात व्होल्टेज उतरवत गेले, तर तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर, जास्त वेगाने, तितक्याच विजेत चालवता येतात. त्या जोरावर तीस वर्षे क्लॉक वाढतच गेला. मग व्होल्टेज आणखी उतरेना. बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही वीज पाझरू लागली. इंटेलने २००४ मध्ये बाजारात आणलेली पेंटियम ४ ची नवी आवृत्ती तापण्यासाठी प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी मे महिन्यात 'तेहास' हा पुढचा प्रोसेसर रद्द झाला आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत सोडून द्यावा लागला. क्लॉकच्या आकड्यावर प्रोसेसर विकण्याचा काळ तिथे संपला. ग्राहकाच्या मनातून मात्र तो अजून संपलेला नाही.

वाट सापडली ती लॅपटॉपकडून, आणि हा या साऱ्या इतिहासातला मला सगळ्यात आवडणारा भाग आहे. इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफा इथल्या चमूने २००३ मध्ये खास लॅपटॉपसाठी पेंटियम एम बनवला होता. त्यांच्यापुढे बॅटरी होती, पातळ कवच होते, छोटा पंखा होता, त्यामुळे क्लॉक वाढवून दिपवण्याची सोयच नव्हती. त्यांनी एका ठोक्यात जास्त काम उरकण्याकडे लक्ष दिले, आणि कितीतरी जास्त क्लॉकच्या पेंटियम ४ शी तो प्रोसेसर टक्कर देऊ लागला. त्याच विचारातून २००६ मध्ये कोअर २ ही मालिका आली आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्याच रचनेचा झिऑन ५१०० सर्व्हरमध्ये बसला. बॅटरी पुरवून वापरण्यासाठी शिकलेली काटकसर डेटा सेंटरला तारून गेली. कारण हजारो प्रोसेसर एका छताखाली ठेवल्यावर विजेचे आणि एसीचे बिल ही तिथलीही मुख्य चिंता होती.

पुढे ही देवाणघेवाण वाढतच गेली. ॲमेझॉनने २०१८ मध्ये स्वतःच्या डेटा सेंटरसाठी ग्रॅव्हिटॉन हा प्रोसेसर आणला, त्यात आर्म कंपनीचा कॉर्टेक्स-ए७२ होता. हा कोअर मुळात मोबाइल फोनमध्ये नांदलेला. २०२४ मध्ये इंटेलने १४४ कोअरचा जो झिऑन काढला, त्यातले सगळेच्या सगळे कोअर कमी विजेवर चालणाऱ्या घराण्यातले आहेत. त्यांचे भाऊबंद लॅपटॉपमध्ये हलकी कामे सांभाळतात. तेव्हा सर्व्हरचा प्रोसेसर वरच्या दर्जाचा आणि लॅपटॉपचा खालच्या, अशी उतरंड लावणे मला पटत नाही. दोघांनाही उष्णतेने घडवले आहे. एकाला सांगितले, थोडा वेळ जोरात पळ आणि झोप. दुसऱ्याला सांगितले, झोपायचे नाही.

लॅपटॉपच्या त्या झोपेकडे आपले लक्ष जात नाही. मी हा लेख टाइप करत आहे तेव्हा दोन अक्षरांमधल्या वेळात माझ्या प्रोसेसरचे बरेचसे भाग बंद होतात. बोट कळीवर पडले की तो जागा होतो, क्षणभर वरच्या क्लॉकला जातो, अक्षर उमटवतो आणि पुन्हा निजतो. दिवसभरात असे असंख्य वेळा घडते आणि मला त्यात कुठे खंड जाणवत नाही. बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते ती या झोपेमुळे. हे अभियांत्रिकीतले फार नाजूक काम आहे आणि त्याचे कौतुक कमी होते.

मात्र याच लॅपटॉपला सलग मोठे काम दिले की त्याचा स्वभाव उघड होतो. आठही कोअर एकदम राबवणारा हवामानाचा छोटा प्रोग्राम चालवून पाहा. पहिले मिनिटभर आकडे झकास दिसतात. मग पंखा चढतो, कळफलकाच्या वरची पट्टी हाताला तापलेली लागते, आणि क्लॉक उतरू लागतो. ५.१ चा आकडा कधीच मागे पडलेला असतो. पातळ लॅपटॉपमध्ये तो तीनच्या खालीही येतो, आणि मग तिथेच राहतो. लॅपटॉप बिघडलेला नसतो. जितकी उष्णता बाहेर टाकता येते तितकेच काम तो पत्करतो. जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, पण तो काही क्षणांचा असतो. रात्रभराच्या कामासाठी त्या आकड्याला काही अर्थ नाही.

सर्व्हरचा प्रोसेसर हातात घेतला की तो कशासाठी आहे ते वजनावरूनच कळते. एपिक ९६५४ तळहाताएवढा आहे, सुमारे ७२ बाय ७५ मिलिमीटर, आणि त्याच्या पाठीला ६०९६ संपर्कबिंदू आहेत. तो बसवताना त्याला बोटाने स्पर्श करायचा नाही; प्लॅस्टिकच्या चौकटीला धरून सॉकेटवर उतरवायचा. मग ठरवून दिलेल्या जोरालाच थांबणारा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि ठरलेल्या क्रमाने स्क्रू आवळायचे. एक बाजू आधी दाबली गेली तर हजारांतले काही बिंदू टेकत नाहीत आणि मेमरीचा एखादा चॅनेल गायब होतो. लॅपटॉपचा प्रोसेसर बोर्डवर कायमचा डकवलेला असतो. त्याला कोणी काढत नाही, बदलत नाही. इथे ६०९६ बिंदू कशाला लागतात? वीज आत नेण्यासाठी तर लागतातच. शिवाय मेमरीचे १२ चॅनेल आणि बाहेरच्या उपकरणांसाठी पीसीआय एक्स्प्रेसच्या १२८ मार्गिका बाहेर काढायच्या असतात. त्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये अशा मार्गिका आहेत २०.

आता त्या मुलीच्या कामाकडे येतो. जाळीतला एक बिंदू दुसऱ्या बिंदूवर अवलंबून नव्हता. महाबळेश्वरच्या पावसाचा कल काढण्यासाठी बिकानेरचा कल आधी माहीत असावा लागत नाही. म्हणजे कामाचे तुकडे पाडता येत होते. तिने बिंदूंचे गट केले आणि ९६ प्रक्रिया एकदम सुरू केल्या. गंमत अशी, की त्यानेही लगेच फरक पडला नाही, उलट यंत्र अडखळू लागले. कारण आकडेमोडीची जी लायब्ररी ती वापरत होती, ती प्रत्येक प्रक्रियेत आपणहून जितके थ्रेड दिसतील तितके सुरू करत होती. ९६ प्रक्रिया आणि प्रत्येकीचे १९२ थ्रेड. कोअरचा बराचसा वेळ एकमेकांना जागा करून देण्यातच जात होता. प्रत्येक प्रक्रियेला एकच थ्रेड, एवढी एक ओळ सुरुवातीला घातल्यावर १९२ पट्ट्यांपैकी निम्म्या एकदम भरल्या. चार तासांहून मोठे काम सात-आठ मिनिटांत आटोपले.

चार तासांना ९६ ने भागले तर अडीच-पावणेतीन मिनिटे यायला हवीत. मग सात-आठ का लागली? तिने हे स्वतःहून विचारले आणि मला फार बरे वाटले. आकडे डिस्कवरून वाचणे आणि शेवटी सगळे एकत्र करून लिहिणे, ही कामे एकामागून एकच होत होती आणि त्यात सुमारे पाच मिनिटे जात होती. ती पाच मिनिटे ९६ कोअरनी कमी होत नाहीत, हजार कोअरनीही होणार नाहीत. जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच हे मांडून ठेवले आहे: कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो शेवटी सगळ्या वेगाची मर्यादा ठरवतो. भाताच्या लावणीला माणसे वाढवली तर शेत दुपारपर्यंत लावून होते, पण लोंबी धरायला लागायचे तेवढे दिवस लागतातच. तिने मग वाचनाचा भाग सुधारला, आणि वेळ आणखी उतरला. तो भाग सुधारल्याचा फायदा तिच्या लॅपटॉपवरही झाला.

सगळी कामे मात्र इतकी सरळ नसतात. हवामानाच्या मॉडेलमध्ये एका चौकोनातली हवा शेजारच्या चौकोनात वाहते, त्यामुळे प्रत्येक पायरीला शेजाऱ्यांशी देवाणघेवाण करावी लागते, आणि आकडे सतत मेमरीतून आणावे लागतात. इथे कोअरपेक्षा मेमरीची वाट महत्त्वाची ठरते. एपिक ९६५४ चे १२ चॅनेल मिळून सेकंदाला कागदोपत्री ४६० गिगाबाइट आणू शकतात. साध्या डीडीआर५ मेमरीच्या लॅपटॉपमध्ये हा आकडा नव्वदच्या आसपास असतो. पाचपट फरक झाला. पण कोअर बारापट आहेत! म्हणजे प्रत्येक कोअरच्या वाट्याला सर्व्हरमध्ये पाच गिगाबाइटही येत नाहीत आणि लॅपटॉपमध्ये अकरा येतात. त्यामुळे काही मॉडेल ४८ कोअरवर जितकी चालतात, जवळपास तितकीच ९६ वर चालतात. वाढवलेले कोअर मेमरीच्या दारात रांग लावून उभे राहतात. यावर उपाय म्हणून सर्व्हरच्या प्रोसेसरला कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी, जास्त दिलेली असते. आठ कोअरमागे लॅपटॉपमध्ये १६ मेगाबाइट एल-३ कॅश, सर्व्हरमध्ये ३२, एकूण ३८४. ती पुरते तोवर काम सुसाट चालते.

अर्कासारख्या यंत्राची गरज कुठून येते, तेही इथेच कळते. मे २०२५ मध्ये भारत फोरकास्ट सिस्टिम ही हवामान अंदाजाची प्रणाली सुरू झाली, तेव्हा जाळी १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली. ऐकायला हे निम्मे वाटते. पण पूर्व-पश्चिम दुप्पट, दक्षिण-उत्तर दुप्पट, आणि चौकोन लहान झाला की काळाची पायरीही निम्मी करावी लागते. काम आठपट होते. असे काम एका कोअरला कितीही पळवून भागत नाही. ते हजारो शांत, २.३ गिगाहर्ट्झच्या कोअरनाच वाटून द्यावे लागते, आणि ते रोज, न चुकता, ठरलेल्या वेळेत व्हावे लागते. सकाळचा अंदाज दुपारी निघाला तर त्याचा शेतकऱ्याला उपयोग नाही.

'न चुकता' या गोष्टीला तर मी वेगापेक्षाही वरचे स्थान देतो. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटू शकतो. गूगलने आपल्या हजारो सर्व्हरवरच्या नोंदींचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांवर अशा चुका आढळल्या होत्या. सर्व्हरच्या मेमरीत चूक ओळखून दुरुस्त करणारे जादा बिट असतात, आणि प्रोसेसर प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवतो. आम्ही रोज सकाळी त्या नोंदी पाहतो. एकाच पट्टीवर दुरुस्त्या वाढू लागल्या की ती काम बिघडवण्याच्या आधीच बदलतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये ही सोय नसते. तिथे एखादा फोटो बिघडला किंवा प्रोग्राम बंद पडला तर आपण लॅपटॉप पुन्हा सुरू करतो आणि विसरून जातो.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट मेटा कंपनीच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये मांडली. त्यांच्या एका सर्व्हरवर फाइली उलगडताना काही फाइली हरवत होत्या. शोधत शोधत ते एका प्रोसेसरच्या एका कोअरपर्यंत पोचले. १.१ चा ५३ वा घात काढून त्यातला पूर्णांक घ्यायचा, तर उत्तर १५६ येते. तो कोअर सांगत होता, शून्य. फाइलचा आकार शून्य म्हणजे फाइल नाहीच, असे समजून पुढचा प्रोग्राम ती सोडून देत होता. यंत्र बंद पडले नाही, कुठे लाल दिवा लागला नाही, बाकीच्या बहुतेक आकडेमोडी बरोबर येत होत्या. म्हणजे सर्व्हरचा प्रोसेसरही निर्दोष असतोच असे नाही. पण हजारो यंत्रे एकत्र राबतात तेव्हा अशी चूक शोधण्याची व्यवस्था उभी करावीच लागते, आणि सर्व्हरच्या खर्चात या व्यवस्थेचाही वाटा असतो. क्लॉकचा आकडा पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

आता पैशांविषयी बोललेच पाहिजे, कारण याची झळ छोट्या संस्थांना लागते. एपिक ९६५४ बाजारात आला तेव्हा एका प्रोसेसरची यादीतली किंमत ११ हजार डॉलरच्या पुढे होती. मेमरी, डिस्क, बोर्ड, यूपीएस, एसी हे सगळे वेगळे. महाविद्यालयाला अनुदान मिळते, वर्षअखेर जवळ येते, आणि कोणीतरी म्हणते, सर्व्हर घेऊन टाकू. मग वर्गातल्या मुलांनी एक्सेल आणि पायथनचे धडे गिरवावेत यासाठी तो सर्व्हर घोंघावत राहतो. घोंघावतो हे शब्दशः. चपट्या सर्व्हरचे छोटे पंखे मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतात आणि त्या खोलीत दोन माणसांना एकमेकांशी बोलता येत नाही. रिकामा बसलेला सर्व्हरही वीज खात राहतो. त्याच पैशांत तीसेक चांगले लॅपटॉप आले असते आणि तीस मुलांचे काम एकाच वेळी झाले असते. उलट टोकही मी पाहतो. महिनाभर चालणारे सिम्युलेशन एखादा विद्यार्थी लॅपटॉपवर लावतो, रात्री तो उशाशी ठेवून झोपतो, वीज गेली आणि बॅटरी संपली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कुठे विचारावे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

माझे मत या बाबतीत पक्के आहे. काम एकाच माणसाचे, थांबत-थांबत चालणारे, उत्तर लगेच हवे असणारे असेल, तर चांगला लॅपटॉपच घ्यावा, आणि त्यात जास्तीत जास्त मेमरी घालावी. काम वाटता येणारे असेल, रात्रंदिवस चालणार असेल, अनेकांचे असेल, किंवा एकही आकडा चुकून चालणार नसेल, तरच सर्व्हरकडे जावे. आणि काम वाटता येते का, हे दुकानदार सांगू शकत नाही. ते तुमच्या प्रोग्रामला विचारावे लागते.

खरेदीच्या समितीवर असलेल्या प्राध्यापकांना आणि संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणून माझी विनंती आहे. कोटेशन मागवण्याआधी तुमच्या खऱ्या कामाचा एक छोटा नमुना हातातल्या लॅपटॉपवर चालवा आणि शेजारी एचटॉप उघडा ठेवा. किती पट्ट्या भरतात, मेमरी किती लागते, दहा मिनिटांनी वेग उतरतो का, डिस्कची वाट पाहण्यात किती वेळ जातो, हे एका कागदावर लिहा. एक कोअर, दोन, चार, आठ असे करून वेळ मोजा. आठ कोअरवर वेळ घटत नसेल तर ९६ वरही तो बहुधा घटणार नाही. आणि मोठे काम खरोखरच असेल, तर आधी विकत घ्यायला धावू नका. राष्ट्रीय महासंगणन अभियानातून देशभरच्या संस्थांत यंत्रे उभी राहिली आहेत. पुण्यातच आयसरमध्ये २०१९ पासून 'परम ब्रह्म' आहे. तुमच्या विद्यापीठातून अशा यंत्रावर वेळ मिळण्यासाठी अर्ज करता येतो का, ते विचारा. अर्जात तुमच्या कामाला किती कोअर, किती मेमरी आणि किती तास लागतील हे लिहावे लागते, आणि ते तुम्ही त्या कागदावर आधीच लिहून ठेवलेले असेल.